स्वतःचा सर्व्हर की क्लाउड? छोट्या व्यवसायाने काय पाहावं

दहा-बारा माणसांच्या ऑफिसात सर्व्हरचा विषय निघतो तो बहुधा फायलींच्या गोंधळामुळे. एकाच कोटेशनच्या प्रती तीन संगणकांवर असतात आणि शेवटची कोणती, ते कुणालाच ठाऊक नसतं. हा गोंधळ सर्व्हर, म्हणजे सगळ्यांच्या फायली एका जागी ठेवणारा ऑफिसातला संगणक, मिटवतो, तसा क्लाउडही, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणारी जागा, मिटवतो. म्हणून किंमत विचारण्याआधी दोन गोष्टी पाहा: फायली किती जड आहेत आणि यंत्राची देखभाल कोण करणार.

फायलींचा हिशेब सरळ आहे. २० जीबीचं चित्रीकरण ऑफिसातल्या गिगाबिट नेटवर्कवरून सर्व्हरवर टाकायला साधारण ३ मिनिटं लागतात. ५० एमबीपीएस अपलोडच्या इंटरनेटवरून तेच क्लाउडवर चढवायला ५० मिनिटांहून जास्त. व्हिडिओ संपादन किंवा जड थ्रीडी ड्रॉइंगचं काम रोजचं असेल, तर फायली ऑफिसातच हव्यात. पण वर्ड, एक्सेल, पीडीएफ एवढंच असेल तर क्लाउड उजवा ठरतो. दोघं एकाच वेळी एकाच शीटवर काम करू शकतात, चुकून बिघडवलेल्या फायलीची जुनी आवृत्ती परत मिळते आणि घरून काम करायला वेगळी जुळवाजुळव लागत नाही.

अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर इथे सगळ्यात जास्त अडवतं. त्याची डेटा फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवून चार जण वापरत असतील, तर ती उचलून ड्रॉपबॉक्स किंवा गूगल ड्राइव्हच्या सिंक फोल्डरमध्ये (ज्याची प्रत प्रत्येक संगणकावर आपोआप उतरते) टाकू नका. दोन संगणकांनी एकदम बदल केले की दोन वेगळ्या प्रती तयार होतात, कधी डेटाच बिघडतो. अशा वेळी ऑफिसात सर्व्हर ठेवा, नाहीतर इंटरनेटवर भाड्याने मिळणाऱ्या व्हर्च्युअल सर्व्हरवर सॉफ्टवेअर बसवून ते रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे त्या सर्व्हरचा पडदा आपल्या संगणकावर उघडून, वापरा.

ईमेलसाठी मात्र स्वतःचा सर्व्हर नकोच. एसपीएफ, डीकेआयएम, रिव्हर्स डीएनएस या मेल खरंच तुमच्याकडून आलाय हे पटवणाऱ्या खुणा नीट लावूनही मेल समोरच्याच्या स्पॅममध्ये जाऊ शकतो, आणि ते निस्तरायला छोट्या ऑफिसात कुणाला वेळ नसतो.

आता देखभाल. माझ्या मते निर्णय इथेच होतो. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम, पसरला, तेव्हा मायक्रोसॉफ्टचा सुरक्षा अपडेट मार्चपासूनच उपलब्ध होता. ज्यांनी तो टाकला नव्हता, त्यांची यंत्रं त्याच्या तावडीत सापडली. सर्व्हर घेतला की अपडेट, यूपीएस, डिस्क बदलणं, विंडोज सर्व्हर असेल तर वापरणाऱ्यांची लायसन्स, हे सगळं मागोमाग येतं. विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये यातलं काय धरलंय ते विचारून घ्या. क्लाउडमध्ये यातलं बरंचसं काम कंपनी करते. त्याबदल्यात दर माणशी दरमहा पैसे जातात आणि इंटरनेट बंद पडलं की कामही अडतं. पासवर्ड चोरीला गेला तर सगळ्या फायली उघड्या पडतात, म्हणून दुहेरी पडताळणी सक्तीचीच ठेवा.

मधला मार्ग नॅसचा, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कला जोडायच्या डिस्कच्या पेटीचा. सिनॉलॉजी किंवा क्यूनॅपची दोन डिस्कची पेटी फाइल शेअरिंग आणि बॅकअप छान सांभाळते. जड फायलींच्या छोट्या स्टुडिओला मी आधी हीच सुचवेन. फक्त ती थेट इंटरनेटला उघडी ठेवू नका, बाहेरून लागलीच तर व्हीपीएनमधूनच, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतच्या सुरक्षित खासगी जोडणीतूनच, वापरा. २०२२मध्ये डेडबोल्ट रॅन्समवेअरने अशाच उघड्या ठेवलेल्या क्यूनॅप पेट्यांना गाठलं होतं.

आणि रेडला, म्हणजे तोच डेटा एकाच वेळी दोन डिस्कवर लिहिण्याच्या सोयीला, बॅकअप समजू नका. एक डिस्क गेली तर रेड वाचवतं, पण कुणी फोल्डर डिलीट केलं किंवा रॅन्समवेअर शिरलं, तर नुकसान दोन्ही डिस्कवर त्याच क्षणी होतं. क्लाउडची कचरापेटीही ठराविक दिवसांनी रिकामी होते. कोणताही पर्याय निवडा, डेटाच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक ऑफिसबाहेर, एवढं हवंच. आणि दर महिन्याला त्या बॅकअपमधून एखादी फाइल परत आणून ती उघडते का, ते पाहा.