लहान मुलासाठी इन्सुलिन पेन की पंप?

टाइप १ मधुमेहाचं निदान झालेलं मूल दोन-तीन वर्षांचं असेल, तर आईवडील या प्रश्नावर हमखास अडतात.

आधी डोस. इतक्या लहान मुलाला कधीकधी अर्ध्या युनिटनेही साखर जास्त उतरते. त्यामुळे पेन घ्यायचंच तर अर्ध्या युनिटच्या टप्प्याचं घ्या. पंप ०.०५ युनिट किंवा त्याहूनही बारीक मात्रा देतो. ताटातलं अर्धं जेवण टाकणाऱ्या मुलाला थोडा डोस आधी, उरलेला खाल्ल्यावर देता येतो, तोही पुन्हा न टोचता.

टोचणं: पेनने दिवसाला चार किंवा जास्त वेळा, पंपाची कॅन्युला (त्वचेखाली बसवलेली बारीक नळी) दोन-तीन दिवसांनी बदलायची.

बिघाड मात्र नीट समजून घ्या. पंपात फक्त जलद इन्सुलिन असतं. नळी दुमडली किंवा कॅन्युला निघाली, तर काही तासांतच कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर रक्तात साचणारे आम्लयुक्त पदार्थ) वाढू लागतात. साखर २५० च्या वर राहिली आणि ती खाली आणायला दिलेल्या जादा डोसनंतर दोन तासांत उतरली नाही, तर कीटोन तपासा, पुढचा डोस पेनने द्या, सेट (नळी आणि कॅन्युला) बदला. उलट्या किंवा धाप दिसली तर थेट रुग्णालय गाठा. पेनवर दीर्घकालीन इन्सुलिनचा आधार असतो. तिथे चूक बहुधा सुई लवकर काढण्याची. दाबल्यावर दहा आकडे मोजा.

मात्रा फारच कमी, खाणं बेभरवशाचं आणि रात्री उठून पाहणारं कुणी असेल तर पंप. सांभाळणारे हात सतत बदलत असतील, तर पेनच बरं. पंप घेतला तरी पेन घरात हवंच.