मोठी थ्रॉटल बॉडी, नवा मॅनिफोल्ड, की आहे तेच बरं?

मोठी थ्रॉटल बॉडी, म्हणजे पेडलप्रमाणे इंजिनात कमी-जास्त हवा सोडणारा भाग, बसवली की पहिल्याच चकरेत माणूस खूश होतो. पेडलला नुसता पाय लावला तरी गाडी उसळते. मग तीच गाडी डायनोवर (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) चढवावी, तर आकडा जवळपास होता तिथेच. यात कोणी कोणाला फसवलेलं नसतं. बटरफ्लाय, म्हणजे तिच्यातली फिरणारी चकती, मोठं झालं की तेवढ्याच पेडलला जास्त हवा आत जाते, म्हणून पूर्वी अर्ध्या पेडलला मिळणारी ओढ आता त्याहून कमी पेडलला मिळते. पेडल पार तळाला टेकवलं की फरक बहुतेक संपतो. मॅनिफोल्डचं, म्हणजे तिथून पुढे प्रत्येक सिलिंडरला हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या जुळणीचं, नेमकं उलटं आहे. हळू चालवताना तो बदललाय हे कळतही नाही, कळलंच तर गाडी थोडी आळसावल्यासारखी वाटते. त्याचा खरा रंग वरच्या आरपीएमला दिसतो. दोन्ही पार्ट एकाच पानावर, एकाच किटमध्ये विकले जातात म्हणून एकच काम करतात असं समजू नका.

आधी थ्रॉटल बॉडीचा हिशोब. ६० मिमीच्या जागी ७० मिमी घेतली तर हवेच्या वाटेचं क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढतं. जाहिरातीत हाच आकडा असतो. पण इंजिन त्याला लागते तेवढीच हवा ओढतं. २००० सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन ७००० आरपीएमला, सिलिंडर पूर्ण भरताहेत असं धरलं, तर मिनिटाला ७००० लिटर हवा घेतं. ही हवा ६० मिमीच्या भोकातून सेकंदाला साधारण ४१ मीटर वेगाने जाते, ७० मिमीतून ३० मीटरने. ४१ मीटर वेग मिळवण्यासाठी लागणारा दाब सुमारे १ किलोपास्कल, आणि ३० मीटरसाठी त्याच्या निम्मा. वातावरणाचा दाब आहे १०१. म्हणजे सगळा खटाटोप अर्ध्या टक्क्यासाठी! बटरफ्लायची जाडी, त्याचा शाफ्ट, हवेचे झटके यांमुळे प्रत्यक्ष नुकसान थोडं जास्त असतं, पण ३६ टक्क्यांच्या जवळपासही जात नाही.

तुमच्या गाडीत खरंच अडतंय का, हे पैसे खर्च करण्याआधी बघता येतं. गाडीत मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) असेल तर स्कॅनर लावा. चावी ऑन, इंजिन बंद असताना दिसेल तो वातावरणाचा दाब. मग डायनोवर किंवा बंद ट्रॅकवर पूर्ण पेडलने रेडलाइनपर्यंत न्या आणि तोच आकडा लॉग करा. दोन्हींत एक-दोन किलोपास्कलचा फरक असेल तर थ्रॉटल बॉडीचा विचार सोडा. चार-पाच असेल तर कुठेतरी नक्की अडतंय, पण संशय आधी एअर फिल्टर आणि त्याच्या पाइपवर घ्या. टर्बो गाडीत हे असं सरळ दिसत नाही. तिथे बटरफ्लायच्या आधी आणि नंतर असे दोन्हीकडचे दाब मोजावे लागतात.

जाता जाता, केबलच्या गाडीत कोणाला तरी आत बसवून पेडल दाबायला सांगा आणि बटरफ्लाय पूर्ण उघडतंय का ते डोळ्यांनी बघा. केबल सैल पडल्यामुळे पूर्ण न उघडणाऱ्या गाड्या मी एकापेक्षा जास्त पाहिल्यात. तिथे मोठी थ्रॉटल बॉडी नको, पाना हवा.

मॅनिफोल्डचं गणित जास्त मजेदार आहे. व्हॉल्व्ह उघडून पिस्टन खाली गेला की रनरमध्ये (सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीत) दाबाची लाट उठते, प्लेनमपर्यंत (सगळ्या रनरच्या तोंडाशी असलेल्या हवेच्या डब्यापर्यंत) जाऊन परतते. ती परत येते तेव्हा व्हॉल्व्ह बंद व्हायच्या बेतात असेल तर जाता जाता थोडी जास्त हवा आत कोंबली जाते. ४० सेंमी लांबीच्या वाटेवर ही फेरी साधारण २.३५ मिलिसेकंदांची. तेवढ्या वेळात ३००० आरपीएमला क्रँक ४२ अंश फिरतो आणि ६००० ला ८५ अंश. लाटेला इंजिनाच्या वेगाचं काही पडलेलं नसतं, तिचा वेळ तोच. त्यामुळे एक लांबी एकाच टप्प्याला जुळते: लांब रनर खालच्या आरपीएमला, आखूड रनर वरच्या.

कंपन्यांनाही ही कात्री चुकलेली नाही. म्हणून तर १९९१ साली ल मां जिंकणाऱ्या माझदा ७८७बी मध्ये इनटेकच्या नळ्या चालत्या गाडीत लांब-आखूड व्हायच्या, आणि २००१ च्या बीएमडब्ल्यू ७ सीरिजच्या व्ही८ इंजिनात रनरची लांबी सलग बदलणारा मॅनिफोल्ड आला. साध्या गाड्यांतही झडप लावून दोन लांब्या देतात. बाजारातला मॅनिफोल्ड बहुधा ही झडप काढून टाकतो आणि एकच आखूड लांबी, मोठं प्लेनम देतो. त्यामुळे टॉर्क नुसता वाढत नाही, तो वर सरकतो, आणि खालून थोडा जातो. रोज २००० ते ३५०० मध्ये चालणाऱ्या गाडीला हा सौदा तोट्याचा. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) आणि हेड कंपनीचंच, लिमिटर (आरपीएमची कमाल मर्यादा) ६५०० ला, अशा इंजिनात तर मॅनिफोल्ड रंगात येतो तोवर ईसीयू (इंजिनाचा संगणक) इंधन तोडतो. याउलट कॅम बदललेत, एक्झॉस्ट मोकळा केलाय, गाडी ट्रॅकवर वरच फिरते, तर कंपनीचा लांब रनर खरोखर गळा आवळतो. तिथे मॅनिफोल्डला पर्याय नाही.

कंपनीचा प्लास्टिकचा मॅनिफोल्ड म्हणजे हलका माल, असं लगेच ठरवू नका. आतून तो गुळगुळीत असतो आणि इंजिनाची उष्णता कमी पकडतो. ट्रॅफिकमध्ये अॅल्युमिनियम तापतं आणि आतली हवाही तापवतं. अॅल्युमिनियम जिंकतं ते जास्त बूस्टवर (टर्बोच्या दाबावर), जिथे प्लास्टिक फाटण्याची भीती असते, आणि वेल्डिंग किंवा पोर्टिंग करायचं असेल तेव्हा.

बसवण्याच्या कष्टांत तर तुलनाच नको. थ्रॉटल बॉडी म्हणजे सहसा चार बोल्ट, एक गॅस्केट, एखादा कनेक्टर, आणि असल्यास कूलंटच्या दोन नळ्या. मॅनिफोल्डला इंधनाचा दाब उतरवून फ्युएल रेल काढावी लागते, इंजेक्टरच्या ओ-रिंग नव्या घालाव्या लागतात, ब्रेक बूस्टर, पीसीव्ही (क्रँककेसमधली वाफ), कॅनिस्टर पर्ज (टाकीतली इंधनाची वाफ) यांच्या नळ्यांना नव्या मॅनिफोल्डवर जागा आहे का ते बघावं लागतं. बोनेट लागतंय का, फॅनला घासतंय का, हे तर घालून बघितल्याशिवाय कळत नाही. पोर्ट उघडे पडले की लगेच फडकं कोंबा, आणि नट मोजून ठेवा. आत पडलेला एक वॉशर अख्खं इंजिन उघडायला लावतो. बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन टप्प्यांत, मॅन्युअलमधल्या टॉर्कला.

मी एकदा खालचा आधाराचा ब्रॅकेट ‘नंतर लावू’ म्हणून बाजूला ठेवला. महिन्याभरात गॅस्केटला गळती, आयडल वर-खाली, पी०१७१ चा (हवेच्या मानाने इंधन कमी असल्याच्या कोडचा) दिवा. स्मोक टेस्ट केली तेव्हा धूर बरोबर चौथ्या रनरखालून आला. सगळं पुन्हा उतरवलं.

ट्यूनिंगचा खर्च दोन्हीकडे वेगळा पडतो. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाडीत ईसीयूला बटरफ्लायच्या कोणत्या कोनाला किती हवा जाते हे पाठ असतं. माप बदललं की आयडल चढं राहतं, त्याचा कोड पी०५०७ येतो. रीलर्निंगने (ईसीयूला नवं माप शिकवून) कधी भागतं, कधी नाही. मॅनिफोल्डसाठी सेन्सर कोणता ते महत्त्वाचं. मास एअरफ्लो सेन्सरची गाडी आलेली हवा थेट मोजते, त्यामुळे बरंच सांभाळून घेते. मॅप सेन्सरवर चालणारी गाडी मात्र जुन्या तक्त्यावरून अंदाज बांधते, आणि पूर्ण पेडलला ऑक्सिजन सेन्सरकडे बघून दुरुस्तीही करत नाही. वरच्या आरपीएमला हवा वाढली आणि इंधन तेवढंच राहिलं तर नॉकिंग (इंधनाचं अवेळी पेटणं) सुरू होतं, पिस्टन जातो. अशा गाडीत ट्यूनचे पैसे बाजूला नसतील तर मॅनिफोल्ड घेऊच नका. उत्सर्जन तपासणी आणि वॉरंटीचे नियमही बसवण्याआधी वाचा.

रोजची गाडी असेल आणि फक्त पिकअप हवा असेल, तर मी जुनी थ्रॉटल बॉडी साफ करून, फिल्टर बदलून थांबेन. इलेक्ट्रॉनिक असेल तर किती पेडलला बटरफ्लाय किती उघडायचं ही ईसीयूतली सेटिंग बदलूनही तोच उसळता प्रतिसाद मिळतो. नुसती मोठी थ्रॉटल बॉडी घ्यायला मला एकच कारण पटतं, लॉगमध्ये दिसलेला दाबाचा फरक. कॅम, एक्झॉस्ट, ट्यून झालेल्या गाडीत मात्र आधी मॅनिफोल्ड, जुन्याच थ्रॉटल बॉडीवर, अडॅप्टर लागला तरी चालेल. मग परत लॉग करा. दाबाचा आकडा तेव्हा पडला तर मोठी थ्रॉटल बॉडी घ्या, पण प्लेनमच्या तोंडाचं माप घेऊनच. ६४ मिमीच्या तोंडावर ७० मिमी लावली तर हवेला ६४ चीच वाट मिळते, वर तीन मिमीची पायरी आडवी येते ती वेगळीच.