आईची स्वादुपिंडाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया: आमचा अनुभव

आईच्या स्वादुपिंडाच्या शेपटाकडे पाण्याची गाठ निघाली. पुढे तिचा कर्करोग होऊ शकतो म्हणून तेवढा भाग काढायचा ठरला. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करणाऱ्या टीमबद्दल मी चांगलंच लिहिणार आहे, पण टाके छोटे आले म्हणून नव्हे.

सर्जननी पहिल्याच भेटीत सांगितलं, "पोटावरच्या जखमा लवकर भरतील. आतल्या कापलेल्या टोकातून रस झिरपायचा धोका मात्र दुर्बिणीने टळत नाही." नेदरलँड्समधल्या लेपर्ड चाचणीचे (२०१९) आकडेही दाखवले. दुर्बीणवाले रुग्ण ४ दिवसांत सावरले, पोट उघडलेले ६ दिवसांत. रक्तस्रावही कमी, १५० मिली विरुद्ध ४००. गळतीत तसा फायदा दिसला नव्हता. प्लीहा (स्वादुपिंडाच्या शेपटाला लागून असलेला, जंतुसंसर्गाशी लढणारा अवयव) काढावी लागलीच तर, म्हणून लसी आधीच देऊन ठेवल्या. प्लीहा वाचली.

आईला गळती झालीच. ड्रेनच्या (पोटातलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीच्या) पिशवीतलं लालसर पाणी हळूहळू राखाडी, गढूळ झालं. तिसऱ्या दिवशी त्यातलं अमायलेज (स्वादुपिंडाच्या रसातलं पाचक द्रव्य) तपासलं, ते रक्तातल्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त निघालं. इथे ही टीम खरी उतरली. कुणी सारवासारव केली नाही, घाईने नळीही काढली नाही. सिस्टरांनी मला पिशवी रिकामी करायला, मोजायला, रंग लिहून ठेवायला शिकवलं आणि आई नळीसकट घरी आली. पुढे गळती आपोआप थांबली.

राग आहे तो डिस्चार्जच्या कागदावर. ताप आला, पाणी एकदम लाल झालं तर रात्री कुणाला फोन करायचा, याची एक ओळ त्यात नव्हती. गळतीनंतर मोठा रक्तस्राव होऊ शकतो, तेव्हा ती ओळ हवीच होती.

आणि हा अनुभव शेपटाकडच्या भागाचा आहे, हे कृपया लक्षात घ्या. डोक्याकडच्या भागाची व्हिपल शस्त्रक्रिया फार अवघड. लेपर्ड-२ ही तिची चाचणी मध्येच थांबवावी लागली: गुंतागुंतीमुळे ९० दिवसांत दुर्बिणीच्या गटात ५० पैकी ५ जण दगावले, पोट उघडलेल्या गटात ४९ पैकी १. म्हणून तिथे दुर्बिणीचा आग्रह धरण्याआधी सर्जनना थेट विचारा, वर्षाला तुम्ही अशा किती करता आणि त्यातल्या कितींना गळती होते? आमच्या सर्जननी न चिडता दोन्ही आकडे सांगितले होते.