परीक्षण : फूड स्टॅम्पच्या खिडकीवरची मतदार नोंदणी

अमेरिकेत मतदार यादीत नाव घालायच्या वाटा चार-पाच आहेत. ऑनलाइन करा, टपालाने फॉर्म धाडा, डीएमव्हीत (वाहन परवाना कचेरीत) लायसन्स काढताना करा, नाहीतर एखाद्या मोहिमेच्या टेबलावर. पाचवी वाट फारशी कोणाला माहीत नसते आणि हे परीक्षण तिचेच आहे. स्नॅप (अन्नखरेदीसाठीची मदत, म्हणजे पूर्वीचे फूड स्टॅम्प), मेडिकेड (गरिबांचा सरकारी आरोग्यविमा), टॅनफ (गरजू कुटुंबांना रोख मदत) किंवा विक (गरोदर स्त्रिया, माता आणि लहान मुलांसाठी पोषण मदत) यांपैकी कुठल्याही मदतीसाठी अर्ज करायला गेलेल्या माणसाला तिथल्याच कर्मचाऱ्याने नोंदणीचा फॉर्म द्यायचा, भरायला हात द्यायचा आणि तो निवडणूक कचेरीत पोचवायचा. पैसे लागत नाहीत, घेणाऱ्यावर सक्ती नाही. देणाऱ्यावर मात्र आहे : १९९३च्या नॅशनल व्होटर रजिस्ट्रेशन अ‍ॅक्टच्या कलम ७ने ही सेवा मदत कचेऱ्यांना आणि अपंगांना सरकारी खर्चाने सेवा देणाऱ्या कचेऱ्यांना बंधनकारक केली. सहा राज्ये या कायद्यातून सुटली आहेत. नॉर्थ डकोटात नोंदणीच लागत नाही. आयडाहो, मिनेसोटा, न्यू हॅम्पशायर, विस्कॉन्सिन आणि वायोमिंगमध्ये मतदानाच्या दिवशी केंद्रावर नाव घालता येते.

हीच खिडकी का निवडली, हे कळायला साठ वर्षे मागे जावे लागते. १९६२च्या हिवाळ्याच्या तोंडावर मिसिसिपीतल्या लफ्लोर काउंटीत काळे शेतमजूर मतदार नोंदणीसाठी पुढे येऊ लागले, तेव्हा काउंटीच्या सुपरवायझर मंडळाने केंद्र सरकारकडून येणाऱ्या शिधावाटपाला कुलूप लावले. कापसाचा हंगाम संपलेला, हाताला काम नाही आणि शिधाही बंद. एसएनसीसी या नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या विद्यार्थी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी बाहेरून ट्रक भरभरून अन्न आणले आणि मदत घ्यायला आलेल्यांना नोंदणीसाठी कोर्टहाउसकडे नेले. मदतीची खिडकी मताचा हक्क मागणाऱ्याला शिक्षा देण्यासाठी वापरता येते, हे तिथे उघड दिसले. तीच खिडकी नोंदणीसाठी वापरावी ही मांडणी पुढे कोलंबिया विद्यापीठाच्या सोशल वर्क विद्यालयातले प्राध्यापक रिचर्ड क्लोवर्ड आणि राज्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस फॉक्स पिव्हन यांनी लावून धरली. १९८३मध्ये त्यांनी ह्यूमन सर्व्ह ही संस्था काढली, आणि दहा वर्षांनी, २० मे १९९३ला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी कायद्यावर सही केली. म्हणजे ही सेवा समाजकार्याच्या पेशातूनच आलेली आहे.

दुसरे कारण रोजच्या व्यवहारातले. बहुतेक राज्यांच्या ऑनलाइन नोंदणीला त्या राज्याचे लायसन्स किंवा ओळखपत्र लागते. ज्याच्याकडे गाडी नाही तो डीएमव्हीकडे फिरकत नाही. ज्याचे भाड्याचे घर वर्षा-दोन वर्षांनी बदलते, त्याला दर वेळी पत्ता बदलून घ्यावा लागतो. अशांमध्ये काळे, लॅटिनो आणि मूळनिवासी समाजातले लोक प्रमाणाने जास्त. त्यामुळे कुठल्याही नियमात वंशाचा शब्दही नसताना ऑनलाइन आणि डीएमव्हीची चाळणी वंशाप्रमाणे गाळते. मदत कचेरीशी मात्र याच माणसांना ठरावीक महिन्यांनी व्यवहार करावाच लागतो.

आता सेवा कशी मिळायला हवी ते पाहू. फॉर्म चार प्रसंगी पुढे आला पाहिजे : नवा अर्ज, पुनर्तपासणी, नूतनीकरण आणि पत्ता बदलल्याची नोंद. यातला चौथा प्रसंग सर्वांत जास्त बुडतो, कारण पत्ता बदलणे हे दोन मिनिटांचे काम समजले जाते आणि बऱ्याचदा फोनवरच उरकले जाते. फोन, टपाल, वेबसाइट कुठूनही व्यवहार झाला तरी जबाबदारी तीच, अशी अमेरिकी न्याय खात्याची भूमिका आहे.

नोंदणीच्या फॉर्मसोबत एक वेगळा कागद असतो. आपण त्याला होकार-नकाराचा कागद म्हणू. त्यावर एकच प्रश्न : आत्ता राहता तिथे तुमची नोंदणी नसेल, तर आज इथे करायची आहे का? खाली हो आणि नाही असे दोन चौकोन. नोंदणी केली काय, न केली काय, मिळणाऱ्या मदतीच्या रकमेवर परिणाम होणार नाही, हे वाक्य त्या कागदावर असलेच पाहिजे. तक्रार कुठे करायची तेही. अडचण येते ती कोणताच चौकोन न भरलेल्या कागदाची. त्यावरच छापलेले असते की खूण न केल्यास तुम्ही सध्या नोंदणी न करण्याचे ठरवले असे धरले जाईल. कर्मचारी ते वाचून फॉर्मच देत नाहीत. हे चूक आहे. न्यू मेक्सिकोतल्या एका खटल्यात दहाव्या सर्किटच्या (न्यू मेक्सिकोसह काही राज्यांसाठीच्या) केंद्रीय अपील न्यायालयाने २०१२मध्ये स्पष्ट केले : लेखी नकार नसेल तर कोरा फॉर्म हातात द्यायचाच, भरायचा की नाही ते घरी जाऊन ठरवू दे.

सेवेचा दर्जा प्रश्न कसा विचारला जातो यावर ठरतो. ‘व्होटिंगचा फॉर्म नको ना?’ असे मान न उचलता विचारले की उत्तर ठरलेले. नोंदणीपासून परावृत्त करणारे बोलणे-वागणे कायद्याने निषिद्ध आहे, आणि हा प्रश्न त्या रेषेच्या फार जवळ जातो. त्याऐवजी, ‘पत्ता बदललाय ना तुमचा? मग मतदार यादीतही हाच पत्ता करून घेऊ या का? फॉर्म इथेच भरून होईल,’ असे विचारले तर हो म्हणणारे वाढतात. यात कोणाला मत द्यायचे याचा मागमूस नाही, आणि नसलाच पाहिजे. कर्मचाऱ्याने पक्ष सुचवायचा नाही, शर्टावर बिल्ला लावायचा नाही, टेबलावर उमेदवाराचा मगही ठेवायचा नाही.

केंद्र सरकारचा छापील फॉर्म नऊ रकान्यांचा आहे. नाव-जन्मतारखेत फारसे कोणी चुकत नाही. चुका होतात त्या अशा. रकाना २ मध्ये राहता पत्ता हवा. पोस्ट बॉक्स चालत नाही, तो रकाना ३ मध्ये जातो. बेघर माणसाने शेल्टरचा पत्ता द्यावा. तोही नसेल किंवा रस्त्याला नावच नसेल (मूळनिवासींच्या राखीव प्रदेशांत हे सर्रास आहे), तर फॉर्मच्या खालच्या भागातल्या ‘सी’ चौकटीत नकाशा काढायचा : जवळचा चौक, शाळा किंवा चर्च, आणि जिथे झोपतो त्या जागी फुली. ही चौकट अनेक कर्मचाऱ्यांना माहीतच नसते आणि माणूस ‘पत्ता नाही’ म्हणून परत जातो. रकाना ६ मध्ये लायसन्सचा क्रमांक, तो नसेल तर सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, दोन्ही नसतील तर तसे लिहायचे. रिकामा सोडला की अर्ज अडकतो. रकाना ७ पक्षाचा. प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी आधीची फेरी; ती बंद असली की त्या पक्षाचे म्हणून नोंदलेलेच मत देतात. न्यूयॉर्क, फ्लोरिडा, पेनसिल्व्हेनिया अशा बंद प्रायमरीच्या राज्यांत हा रकाना कोरा राहिला तर प्रायमरीत मत देता येत नाही. कर्मचाऱ्याने एवढे सांगायला हरकत नाही, त्यापुढे गप्प बसावे. रकाना ९ सहीचा. रांग मोठी असली की हाच राहतो. सही करता येत नसेल तर मदतनिसाची माहिती ‘डी’ चौकटीत.

रकाना ८ वंशाचा आहे आणि त्यावर माणसे बिचकतात, ते साहजिकच आहे. अलाबामा, जॉर्जिया, साउथ कॅरोलायना अशा काही दक्षिणी राज्यांत तो भरायला सांगतात. इथे जाणत्या सोशल वर्करचा उपयोग कळतो. ही माहिती असल्यामुळेच पुढे यादीतून नावे वगळली गेली किंवा मतदान केंद्रे हलवली गेली, तर त्याचा फटका कोणत्या समाजाला बसला हे आकड्यांनी दाखवता येते. एवढे दोन वाक्यांत सांगितले की बहुतेक जण रकाना भरतात. ‘भरा हो, लागतो तो’ म्हटले की संशय वाढतो.

भरलेला फॉर्म कचेरीने १० दिवसांत निवडणूक अधिकाऱ्याकडे धाडायचा. शेवटच्या तारखेआधीच्या ५ दिवसांत घेतला असेल तर ५ दिवसांत. शेवटची तारीख राज्यागणिक वेगळी, पण मतदानाआधी ३० दिवसांपेक्षा लांब ठेवता येत नाही. यातली कामाची गोष्ट अशी की मुदतीत खिडकीवर दिलेला फॉर्म वेळेत आला असे धरतात, निवडणूक कचेरीत तो नंतर पोचला तरी. म्हणून तारखेचा शिक्का मारून घ्या, फोनवर फोटो काढा. आठवड्याचे फॉर्म एका लिफाफ्यात साठवून ठेवण्याची सवय जिथे आहे तिथे या शिक्क्यावाचून काहीच सिद्ध करता येत नाही.

आता इशारा, आणि तो आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरचा आहे. ग्रीन कार्डवरच्या आईवडिलांसाठी मेडिकेडचा अर्ज करताना हाच कागद त्यांच्याही पुढे येऊ शकतो. प्रश्न सगळ्यांना विचारला जातो, म्हणून सगळे पात्र आहेत असे नाही. नागरिक नसलेल्याने नोंदणीच्या फॉर्मवर नागरिक असल्याच्या ‘हो’वर खूण करून सही केली, तर खोटे नागरिकत्व सांगितल्याचा ठपका बसतो, आणि पुढे नागरिकत्वच काय, देशात राहणेही धोक्यात येते. चुकून झाले, इंग्रजी कळले नाही, ही सबब टिकतेच असे नाही. फॉर्मच्या माथ्यावर नागरिक आहात का असा प्रश्न आहे. उत्तर नाही असेल तर पुढे एक अक्षर लिहायचे नाही. इथे चांगला कर्मचारी फॉर्म पुढे सरकवण्याआधी तो प्रश्न बोट ठेवून वाचून दाखवतो. केंद्राचा फॉर्म स्पॅनिश, चिनी, हिंदी, बंगाली अशा भाषांतही आहे. तो मागून घ्या.

तशीच सावधगिरी शिक्षा भोगून आलेल्यांबाबत; त्यांच्या मताच्या हक्काचे नियम राज्यागणिक वेगळे. मेन आणि व्हरमाँटमध्ये तुरुंगातूनही मत देता येते. फ्लोरिडात २०१८च्या घटनादुरुस्तीने (खून आणि लैंगिक गुन्हे वगळून) हक्क परत मिळाला, पण २०१९च्या कायद्याने दंड-फी भरण्याची अट घातली, आणि २०२२मध्ये आपण पात्र आहोत अशा समजुतीने नाव घातलेल्यांना अटक झाली. अशा वेळी ‘करा बिनधास्त’ म्हणणारा सोशल वर्कर भला असला तरी धोकादायक. राज्याच्या निवडणूक विभागाकडून खातरजमा होईपर्यंत फॉर्म कोराच घरी न्यावा. उलट, खटला चालू असून केवळ कोठडीत असलेल्याचा हक्क त्यामुळे जात नाही, हे सांगणारे फार थोडे.

प्रत्यक्षात सेवा किती मिळते? १९९५-९६च्या दोन वर्षांत मदत कचेऱ्यांतून सुमारे २६ लाख अर्ज गेले. २००५-०६मध्ये ते साडेपाच लाखांच्या आसपास उरले. गरिबी काही त्या मानाने ओसरली नव्हती. फॉर्मचे गठ्ठे संपले, नव्या कर्मचाऱ्यांना कोणी शिकवले नाही, अर्ज ऑनलाइन गेले तेव्हा नोंदणीची पायरी त्यात घालायची राहून गेली. मिझुरीत २००८मध्ये न्यायालयाने समाजसेवा विभागाला आदेश दिला आणि अर्ज कित्येक पटींनी वाढले, म्हणजे मागणी होतीच. ज्या कचेरीत यासाठी एक माणूस नेमलेला असतो आणि दर महिन्याला अर्ज मोजले जातात, तिथे काम चालते. बाकी ठिकाणी पोस्टर लावून जबाबदारी संपते.

वरिष्ठ अनेकदा हॅच अ‍ॅक्टचा, म्हणजे सरकारी कर्मचाऱ्यांच्या राजकीय कामावर बंधने घालणाऱ्या कायद्याचा, बाऊ करतात. त्या कायद्याचा रोख पक्षीय कामावर आहे. पक्षनिरपेक्ष नोंदणीला तो आडवा येत नाही. शिवाय नॅशनल असोसिएशन ऑफ सोशल वर्कर्सची आचारसंहिता (६.०२ आणि ६.०४) लोकसहभाग आणि राजकीय कृती हे पेशाचे कर्तव्य मानते. याच संघटनेने २०२१मध्ये पेशातल्या वंशवादी व्यवहारांबद्दल जाहीर माफी मागितली. माफी चांगलीच, पण तिचे वजन खिडकीवर विचारलेल्या त्या एका प्रश्नात दिसावे, परिषदांच्या ठरावांत दिसून काय उपयोग. आणखी एक विसंगती : खिडकीवरचा माणूस बहुधा पात्रता तपासणारा कारकून असतो, समाजकार्य शिकलेला नसतो. शिकलेले सोशल वर्कर इस्पितळांत आणि शेल्टरांत असतात, आणि त्या जागा या कायद्यात आपोआप येत नाहीत. तिथे जे चालते ते स्वेच्छेने.

नोंदणी झाली म्हणजे मत देता आलेच असेही नाही. ओळखपत्र मागणाऱ्या राज्यांत जन्मदाखल्यापासून सुरुवात करावी लागते, आणि दक्षिणेत सुइणीच्या हातून घरी जन्मलेल्या अनेक वृद्ध काळ्या माणसांकडे तो कधी नव्हताच. या टप्प्याला सेवेत जागाच नाही. गुण द्यायचे तर कायद्याच्या आखणीला पाचपैकी साडेचार, अंमलाला अडीच. नागरिक असाल, नुकतेच घर बदलले असेल आणि कचेरीत जाणार असालच तर ही वाट वापरा. लायसन्स असेल तर ऑनलाइन जास्त सोपे.

फॉर्म दिलाच नाही तर राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याला लेखी कळवायचे : कचेरी, तारीख, कशासाठी गेलो होतो, काय विचारले गेले. ९० दिवसांत सुधारणा झाली नाही तर न्यायालयात जाता येते. केंद्रीय निवडणुकीआधीच्या १२० दिवसांत प्रकार घडला असेल तर मुदत २० दिवस, आणि शेवटच्या ३० दिवसांत घडला तर नोटीस न देताही दावा लावता येतो.