वावर मोजायचं: मोबाईलवर की टेप धरून?

वाटणीआधी घरच्या घरी वावर मोजून पाहायचं म्हटलं की आजकाल दोनच रस्ते, मोबाईलमधलं जीपीएसचं ॲप नाहीतर ३० मीटरचा टेप आन खुंट्या. दादा आन मी सामायिक वावर वाटून घेत होतो तेव्हा दोन्ही करून पाहिलं. शेजाऱ्याशी धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, वाद असेल तर मात्र हे दोन्ही सोडा, तिथे भूमी अभिलेखची मोजणीच लागते.

ॲपला एकटा माणूस पुरतो. पऱ्हाटी (कपाशी) उभी असली तरी धुऱ्याधुऱ्यानं चक्कर मारली की पंधरा मिनिटांत आकडा हातात, ट्रॅक्टरवाल्याच्या एकराच्या हिशोबाला तेवढं बस आहे. टेपला उलंगवाडी, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी, होईपर्यंत थांबावं लागते, दोन माणसं लागतात, आन भेगाळलेल्या काळ्या मातीत टेप ताणून धरता धरता कंबर धरते.

तरीपण माझं मन ॲपवरून उडालं ते एका गोष्टीनं. सातबाऱ्यावर आमचं १ हेक्टर २१ आर. ॲपवर पहिल्या चकरेत १.१६ आलं, दुसऱ्या चकरेत १.२५, तिसऱ्यांदा १.२०. पूर्वेच्या धुऱ्यावर कडुलिंब आन बाभळी दाट, तिथे स्क्रीनवरची रेघ शेजाऱ्याच्या तुरीत जाऊन परत यायची आन मी तर धुऱ्यावरच उभा. साधा मोबाईल मोकळ्या आभाळाखालीही पाचेक मीटर इकडंतिकडं दाखवतो, झाडाखाली आणखी जास्त, ते समजून घेतलं असतं. पण तीनमधला चुकीचा आकडा कोणता हे ॲप सांगतच नाही. विहिरीकडचा तुकडा दादाला आन उरलेला मला असं ठरलं होतं, आता उरलेला किती ते दर चकरेला बदलायला लागलं. त्या संध्याकाळी आम्ही दोघं नीट बोललोसुद्धा नाही.

मग मार्चमध्ये टेप काढला. चार कोपऱ्यांना खुंट्या, चार बाजू मोजल्या, एक कर्ण मोजला, म्हणजे दोन त्रिकोण झाले. त्रिकोणाच्या तिन्ही बाजू ठरल्या की तो कुठंच हलत नाही, टेपच्या मोजणीचं सगळं काम त्याच्यावरच उभं आहे (फक्त फार निमुळता त्रिकोण घेऊ नका, ३० अंशाच्या खालचा कोन आला की थोड्याशा चुकीनं कोपरा लांब सरकते). वहीवर १ सेंटीमीटरला १० मीटर धरून कंपासनं आकृती काढली. आता दुसरा कर्ण, खरं तर आकृतीला त्याची गरज नाही, तो मोजायचा ते फक्त पडताळा म्हणून. कागदावर आला १३३ मीटर, वावरात १५५! शोधलं तर उत्तरेच्या बाजूला तीन टेप आन वर २० मीटर होते, मी दोनच टेप लिहिले होते, ११० चे ८०. दुरुस्त केल्यावर मीटरभराच्या आत जुळलं, आन दादानंच वही हातात घेऊन दोनदा पाहिलं.

१८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारलेले विल्यम लॅम्बटन, इंग्रजांच्या काळात भारताची मोठी त्रिकोणी मोजणी सुरू करणारे, त्यांचं कामही याच रीतीचं होतं. १८०२ ला मद्रासजवळ एक पायारेषा (ज्या मोजलेल्या रेघेवरून पुढचे त्रिकोण सुरू होतात ती) साखळीनं मोजली, पुढे कोन मोजत त्रिकोणाला त्रिकोण जोडत गेले, आन मध्येमध्ये नवी पायारेषा जमिनीवर मोजून हिशोब जुळतो का पाहायचे.

चौकट पक्की झाल्यावरच आम्ही आतली वाटणीची रेघ टाकली. आधी विहिरीकडून तुकडे जोडत गेलो असतो तर प्रत्येक तुकड्याची चूक पुढच्यात गेली असती.

तुमचं वावर मोकळं, चौकोनी असेल अन नुसता अंदाज पाहिजे असेल तर ॲपही चालेल कदाचित, माझ्याही फोनमध्ये अजून आहे. येत्या उन्हाळ्यात मामाकडची वाटणी आहे, तिथे मी टेप आन बाभळीच्या खुंट्या घेऊन जातोय.