आठ महिने शिक्के आणि शाई: जुन्या वळणाची कार्डं, टॅग आणि मुंबईची हवा

जानेवारीत पहिला स्टॅम्प-सेट मागवला, आता गणपती होऊन पंधरवडा झाला. या आठ महिन्यांत माझ्या हातून साठेक टॅग आणि वीसएक कार्डं झाली. त्यातले चाळीस टॅग एकट्या मावशीच्या पंचाहत्तरीचे. गिरगावात आमच्या दोन खोल्या आहेत. रात्री जेवणं आटपली की त्याच टेबलावर मी बसते, आणि सकाळी डबे भरायच्या आत सगळं आवरलेलं लागतं. ज्यांच्याकडे या छंदासाठी वेगळी खोली नाही, त्यांना हा अनुभव जास्त उपयोगी पडेल असं वाटतं.

काम असं असतं: जाड कागदाचा टॅग घ्यायचा, त्याला जुनाट रंग चढवायचा, वर रबरी शिक्क्याने चित्र किंवा अक्षर उमटवायचं, मग थोडी लेस, सुतळी, एखादं बटण. शाई, रंग, कापड, कागद असं सगळं एकाच तुकड्यावर येतं म्हणून याला मिक्स्ड मीडिया म्हणतात. टॅगचं नेहमीचं माप आठ नंबरचं, तीन इंचांहून जरासं जास्त रुंद आणि सव्वासहा इंच उंच. मी माप तेच धरलं, पण टॅग विकत न घेता ३०० जीएसएमच्या कागदातून कापले. अब्दुल रहमान स्ट्रीटला लग्नपत्रिकांचा कागद मिळतो, त्यातला पिवळसर, बिनचकाकीचा कागद या कामाला उत्तम. चकचकीत कागद अजिबात घेऊ नका, शाई वरच्यावर तरंगत राहते.

पहिली खरेदी फसली. ऑनलाइन घेतलेला पारदर्शक शिक्क्यांचा मोठा सेट होता. आयफेल टॉवर, फ्रेंच हस्ताक्षर, साखळीचं घड्याळ, गुलाब. शिक्के इतके उथळ कोरलेले की रेघेबरोबर मागची मोकळी जागाही कागदावर उमटायची. थोडी चूक माझीही होती. पारदर्शक शिक्का नवा असताना त्यावर एक पातळ थर असतो, तो शाई धरू देत नाही. खोडरबर हलकेच फिरवला की थर निघतो. या शिक्क्यांना खाली मऊ बैठक लागते, मी जुना माउसपॅड ठेवते. लाल रबराचा, मागे फोम लावलेला शिक्का असेल तर उलट, टेबल टणक हवं. हे कळल्यावर त्या सेटमधले दोन-तीन शिक्के बरे उमटायला लागले. तरीही तो सेट आज कपाटात पडून आहे, आणि त्याचं कारण ठशाची प्रत नाही. त्यातलं काहीच आमच्या घरात कधी जुनं झालेलं नव्हतं. पॅरिसचं टपाल आमच्याकडे कधी आलंच नाही.

शाईवर मात्र केलेला खर्च वाया गेला नाही. टिम होल्ट्झ यांच्या नावाने रेंजर कंपनी डिस्ट्रेस नावाची शाई काढते. तिच्या ओल्ड पेपर, व्हिंटेज फोटो आणि वॉलनट स्टेन या तीन छटा मी घेतल्या. फिकट पिवळसर, मध्यम तपकिरी, गडद तपकिरी. चौथी लागलीच नाही. ही शाई पाण्याला प्रतिसाद देते. स्पंजच्या तुकड्याने टॅगवर गोल गोल फिरवून लावायची, मग बोटांनी पाण्याचे चार थेंब शिंपडायचे, अर्ध्या मिनिटाने टिपायचे. जिथे थेंब पडला तिथला रंग हटतो आणि कडेला गडद कड धरते. ओल आलेल्या भिंतीवर किंवा जुन्या वहीच्या पानावर डाग दिसतो, हुबेहूब तसा. कडा नेहमी शेवटी गडद करायच्या. आधी केल्या तर पाणी लागून त्या आत सरकतात.

पण जो गुण पार्श्वभूमीला, तोच चित्राला मारक. पहिल्या महिन्यात मी याच प्रकारच्या काळ्या शाईने शिक्का मारला आणि वर जलरंगाचा ब्रश फिरवला. सगळी रेघ धुऊन गेली. शाईने जे करायचं तेच केलं होतं, मला माहीत नव्हतं. चित्रासाठी पाण्याला दाद न देणारी शाई हवी. आर्काइव्हल इंकमधला जेट ब्लॅक किंवा तेलाधारित वर्साफाइन, दोन्हींनी बारीक रेघ छान येते. वर्साफाइन वाळायला वेळ घेते म्हणून मी हीट गन, म्हणजे कडक गरम हवा सोडणारं यंत्र, फिरवते. एकच घेणं परवडत असेल तर आधी ही काळी शाई घ्या, तपकिरी नंतर.

ऑफिसातलं जांभळं स्टॅम्पपॅड सुद्धा मी टाकून दिलेलं नाही. ती शाई पातळ कागदात फुटते आणि पाणी लागलं की पसरते, हे खरं. पण आपल्या घरातले जुने कागद आठवून बघा: शाळेचा दाखला, रेशनकार्ड, खरेदीखत. त्यांच्यावरचा शिक्का जांभळाच असतो. परदेशी पुस्तिकांत जुनेपणाचा रंग तपकिरी, आपल्याकडे तपकिरीच्या जोडीला हा जांभळा लागतो. ओलं काम सगळं संपल्यावर, अगदी शेवटी, एका कोपऱ्यात तो मारायचा आणि त्यावर काहीच लावायचं नाही.

या सगळ्यात माझ्यासाठी मोलाचा ठरला तो शिक्के बनवून घेण्याचा भाग. माझी बँक फोर्टात आहे. त्या भागात वकिलांचे आणि कंपन्यांचे रबरी शिक्के करून देणारे आहेत, रोज त्यांच्यावरून जात होते आणि डोक्यात कधी आलं नव्हतं. आईचे वडील, आमचे नाना, निवृत्त होऊन राजापूरला गेले तिथून आईच्या सासरी पोस्टकार्डं लिहायचे. ती तिने सगळी ठेवली आहेत. त्यातल्या एका कार्डावरचं 'सा. न. वि. वि.' आणि दुसऱ्यावरचं 'कळावे, लोभ असावा' एवढंच मी स्कॅन केलं आणि त्याचे दोन शिक्के करून आणले.

कुणी असं करणार असेल तर काही गोष्टी आधीच सांगते. दुकानदाराला नुसतं रबर मागायचं, लाकडी ठोकळ्यावर लावलेलं. तो सवयीने फ्लॅश किंवा सेल्फ-इंकचा शिक्का सुचवेल. त्यात शाई आतच भरलेली असते, त्यामुळे आपली शाई वापरता येत नाही. स्कॅन उजेड-अंधार पूर्ण वेगळा करून न्यायचा, राखाडी छटा चालत नाही, कारण रबराला उंच आणि खोल एवढंच कळतं. टाकाची फार बारीक रेघ असेल तर ती आधी किंचित जाड करून घ्या, नाहीतर कोरताना तुटते. आणि मोबाइलवर काढलेला फोटो देऊ नका, अक्षर एका बाजूला कलतं.

तिसरा शिक्का नानांच्या हिशोबवहीतल्या मोडीच्या चार ओळींचा, मागे पार्श्वभूमीला मारण्यासाठी. तो डावी-उजवी बाजू उलटी होऊन आला. प्रतिमा दोनदा फिरवली गेली होती. गंमत अशी की महिनाभर कुणाच्याच लक्षात आलं नाही. मोडीत आधी पानभर सरळ रेघ ओढून तिच्याखाली अक्षरं लिहीत जातात, त्यामुळे उलटा ठसा मारला तरी रेघ वरच राहते आणि एकूण रूप तेच वाटतं. शेजारच्या काकांना मोडी येते. त्यांनी टॅग हातात घेतला, चष्मा लावला आणि म्हणाले, "अगं, हे आरशात धरून वाचायचंय का?" मग त्यांनीच मूळ पान वाचून दाखवलं. तांदूळ, गोडं तेल, धाकटीचं औषध. दुकानदाराने दुसरा शिक्का पैसे न घेता करून दिला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. त्या दिवसापासून कागदाच्या मागे पेन्सिलीने 'हे असंच दिसायला हवं' असं लिहून देते. पार्श्वभूमीचा ठसा फिका हवा असेल तर शिक्का आधी रद्दीवर मारायचा आणि पुन्हा शाई न लावता टॅगवर.

चौथा शिक्का ट्रामचा. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदर ते दादर धावली. मावशी तेव्हा चौदा वर्षांची होती आणि नाना तिला बघायला घेऊन गेले होते. दादर टी. टी. मधला टी. टी. म्हणजे ट्राम टर्मिनस, हे माझ्या लेकीला ठाऊक नव्हतं. ट्रामचं रेखाचित्र तिनेच काढलं.

मूळ पोस्टकार्ड मी एकही कापलं नाही, कुणीच कापू नये. झेरॉक्स किंवा लेसर प्रिंट काढून तीच चिकटवते. इंकजेटची प्रिंट जेल मीडियमचा, म्हणजे चिकटवायला आणि वरून लेप द्यायला वापरतात त्या घट्ट माध्यमाचा, ओला थर लागला की पसरते, लेसरची पसरत नाही. कोरी कार्डं हवीत तर पोस्टात आजही पन्नास पैशांत मिळतात. मी बोरीबंदरच्या जीपीओमधून आणली. ती १९१३ सालची घुमटाची इमारत, पोस्टकार्ड घ्यायला एवढं छान ठिकाण दुसरं नाही.

आता आईमुळे कळलेल्या दोन गोष्टी. जुनं दिसावं म्हणून टॅगचे कोपरे फाडा, असं बहुतेक ठिकाणी शिकवतात. मीही मावशीच्या पहिल्या कार्डाचा कोपरा फाडला. आईने ते बघितलं आणि तिचा चेहराच उतरला. "कोपरा फाडलेलं पत्र कुणी घरात आणायचं नाही, माहीत नाही तुला?" मरणाची बातमी कळवणाऱ्या पत्राचा कोपरा फाडत, आणि ते वाचून झाल्यावर घरात ठेवत नसत. हे मी ऐकलेलं होतं, पण हात भलत्याच सवयीने चालला होता. ते कार्ड मी बाजूला ठेवलं आणि नवं करायला घेतलं. त्याच्या चारही कोपऱ्यांना हळद-कुंकवाची बोटं लावली, लग्नपत्रिकेला लावतात तशी. कुंकू ओलं करून लावलं तर नंतर बोटांना लागतं, म्हणून वरून मॅट जेल मीडियमचा पातळ हात दिला.

दुसरी गोष्ट भोकाची. आईकडच्या प्रत्येक पोस्टकार्डाला मधोमध एक भोक आहे. पूर्वी घरात भिंतीला आकडा असायचा, त्याला खाली लोंबणारी तार, आणि आलेलं पत्र वाचून झालं की त्या तारेला टोचायचं. वर्षभराचा पत्रव्यवहार एका तारेवर. मी आता दाभणाने प्रत्येक कार्डाला तसं भोक पाडते आणि त्याच्याभोवती वॉलनट स्टेनचं बोट फिरवते, गंजाचा डाग वाटावा असं. माझ्या पिढीच्या लोकांना ते नुसतं भोक दिसतं. साठीच्या पुढचा माणूस मात्र लगेच बोट लावून बघतो.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं, कारण तोवर मला वाटलं होतं की सगळं जमलं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून कागद दमट झाला. एम्बॉसिंग पावडर, म्हणजे ओल्या ठशावर टाकून गरम करून वितळवायची उठावाची पावडर, फक्त ठशावरच बसायला हवी, ती टॅगभर चिकटायला लागली. उपाय दोन सापडले. शिक्का मारण्याआधी कोरा टॅग हीट गनने गरम करून सुकवायचा, आणि मलमलीच्या फडक्यात टाल्कम पावडरची पुरचुंडी बांधून ती टॅगवर हलकेच थोपटायची. केस वाळवायचं यंत्र इथे चालत नाही, ते पावडर उडवून देतं आणि वितळवण्याइतकं तापतही नाही. धातूची नक्षीदार पदकं मी हौसेने लावली होती. समुद्राच्या हवेत ती जुलैपर्यंत हिरवी पडली आणि खालच्या कागदावर डाग उतरला. आता बटणंच लावते, आजीच्या डब्यातली शिंपल्याची. भुलेश्वरची सुती लेस चहात बुडवून वाळवली की झालं, फक्त चहा बिनसाखरेचा हवा, नाहीतर मुंग्या येतात. कागदही चहात रंगवून बघितला, पण चार पानांवर पावसात बुरशी धरली, म्हणून तो नाद सोडला. घरच्या गव्हाच्या खळीचंही तेच. जुने बाइंडर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत, पण तो विषारी आणि टेबल जेवणाचं, त्यामुळे मी तिकडे गेलेच नाही. मॅट जेल मीडियमच गोंद म्हणून वापरते. तयार टॅग प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत राहतात. पारदर्शक शिक्के उन्हात पिवळे पडतात, तेही त्याच डब्यात.

पंचाहत्तरी मे महिन्यात दादरला झाली. चाळीस टॅग भेटीच्या पिशव्यांना बांधले होते, मावशीच्या हातात मोठं कार्ड दिलं. तिने ट्राम बघितली, हसली, मग खालच्या ओळीवर थांबली. "हे नानांचं अक्षर आहे," ती म्हणाली. 'लोभ' मधला भ ते असाच काढायचे, शेवटी शेपूट लांबवून. मग तिने ते भोक बघितलं आणि आईकडे बघून विचारलं, "तार कुठे गेली गं आपली?" दोघी बराच वेळ त्या तारेबद्दलच बोलत बसल्या, कुठल्या खोलीत होती, कुणाचं पत्र सगळ्यात तळाशी होतं.

टपालाने पाठवायचं असेल तर बटण, लेसची गाठ असं उंच काहीही नको. पुण्याला पाठवलेल्या एका कार्डावरचं बटण पाकीट फाडून बाहेर आलं होतं. त्यानंतर टपालाची कार्डं मी सपाट ठेवते, शिक्का, शाई आणि लेसर प्रिंट एवढ्यावरच.

गेल्या रविवारी मावशीने तिच्याकडचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा पाठवला. नानांनी तिला लिहिलेली पत्रं त्यात आहेत, तारेवरून काढून दोऱ्याने बांधलेली. अजून निम्मी वाचायची आहेत. दसऱ्याच्या आत एक शिक्का करायला टाकायचा आहे, आणि आईचं म्हणणं आहे की या वेळी 'अनेक उत्तम आशीर्वाद' घ्यावं. नानांनी ते प्रत्येक पत्रात थोडं वेगळं लिहिलंय, त्यामुळे कुठलं घ्यायचं यावर आम्हा तिघींचं अजून एकमत झालेलं नाही.