पिपमध्ये हॅशची सक्ती: काही महिने वापरून झाल्यावर

पिप म्हणजे पायथन भाषेची पॅकेजेस (तयार कोडचे संच) इन्स्टॉल करणारं साधन. हॅश म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून काढलेली अक्षर-आकड्यांची ओळखखूण; फाइल जराही बदलली की तीही बदलते. पिपमध्ये हॅश-तपासणीची सोय आहे. ती चालू केली की प्रत्येक पॅकेजपुढे नेमकी आवृत्ती आणि हॅश लिहावा लागतो. डाउनलोड झालेल्या फाइलचा हॅश जुळला नाही, तर इन्स्टॉल तिथेच थांबतं. गेले काही महिने कामावर हेच वापरतोय. वेगात फरक जाणवत नाही.

सुरुवातीला मात्र डोकं उठलं. एका पॅकेजला हॅश दिला की सगळ्यांना द्यावा लागतो, त्यांच्या डिपेन्डन्सींनाही, म्हणजे ती ज्यांच्यावर चालतात त्या पॅकेजनाही. हे हाताने करायच्या भानगडीत पडू नका, पिप-टूल्स या साधनाकडून आवृत्ती आणि हॅशची यादी बनवून घ्या. त्या यादीत एकाच आवृत्तीपुढे हॅशची रांग दिसेल. विंडोज, मॅक, लिनक्स, शिवाय पायथनच्या निरनिराळ्या आवृत्त्या, प्रत्येकाची व्हील फाइल (इन्स्टॉलसाठी तयार पॅकेज) वेगळी असू शकते, म्हणून हॅशही वेगळा. हॅश ओळखतो तो त्या एका फाइलला. पॅकेज, आवृत्ती वगैरे त्याच्या गावीही नसतं. आमचे निम्मे गोंधळ एवढं कळल्यावर मिटले.

उरलेले बहुतेक कोड साठ्यावरून (गिटहबसारख्या, कोड ठेवण्याच्या साइटवरून) थेट घेतलेल्या टारबॉलचे, म्हणजे सगळा कोड एकत्र दाबून बांधलेल्या फाइलचे. तो मागणी आल्यावर तयार होतो. आतला कोड तोच, पण कॉम्प्रेशन किंचित बदललं तरी हॅश पार वेगळा. जानेवारी २०२३ मध्ये गिटहबवर असाच बदल झाला, जगभर बिल्ड (कोडपासून प्रोग्राम तयार करण्याची कामं) अडले आणि तो मागे घ्यावा लागला. तेव्हा लेखकाने रिलीज म्हणून चढवलेली फाइलच घ्या.

काही ठिकाणी अजून एमडी५ या जुन्या पद्धतीचा हॅश देतात. डाउनलोड अर्धवट झालं का, एवढं पाहायला ठीक. मुद्दाम केलेल्या फसवणुकीविरुद्ध तो २००४ पासून आणि एसएचए-१ ही दुसरी पद्धत २०१७ पासून बाद समजा. ६४ अक्षरी एसएचए-२५६ असेल तरच मी पुढे जातो.

मर्यादाही मोठी आहे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये बॅकडोअर (चोरून आत शिरायची वाट) सापडलं. ते अधिकृत टारबॉलमध्येच होतं, त्यामुळे हॅश बिनचूक जुळणारच. म्हणून नवी आवृत्ती आली की मी यादी लगेच बदलत नाही, थोडं थांबतो, बदल वाचतो. अशा वेळी हॅश उलट्या दिशेनेही कामी येतो. घातक फाइलचा हॅश जाहीर झाला की ती कुठल्या मशीनवर पडून आहे ते शोधता येतं, मग कुणी तिचं नाव बदललेलं का असेना.